मॉडेल रेल्वेचे रूळ आणि चिकटद्रव्याची निवड

जुन्नर तालुक्यातील घाटघर या गावी आगगाडी कधीही पोहोचली नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव सातवाहन काळापासून कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेवर आहे. (अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, घाटघर जलविद्युत प्रकल्पापाशी असलेले गाव वेगळे.) एकोणिसाव्या शतकात मुंबईहून दख्खनच्या पठारावर लोहमार्ग नेण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा आरंभीच्या आराखड्यांत घाटघरच्या शेजारच्या माळशेज घाटाचाही विचार झाला होता. पुढे बोरघाट आणि थळघाट यांची निवड झाली. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. जुन्नरचा घाटमाथा मात्र रुळांविनाच राहिला.

जी रेल्वे प्रत्यक्षात झाली नाही, ती लाकडी फळ्यावर उभी करता येते. मॉडेल रेल्वेच्या छंदाचे हे एक मोठे आकर्षण होय. जगभरातील छांदिष्ट अशा 'होऊ शकल्या असत्या' मार्गांच्या प्रतिकृती हौसेने करतात. पुण्याच्या वाचकांना हा छंद नवा नाही. कोथरूड येथे बी. एस. जोशी यांनी उभारलेले जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाले. चालत्या गाड्या, सिग्नल आणि वळणदार मार्ग असलेले ते लघुनगर पाहून आलेली मुले घरी येताच आपल्यालाही अशी रेल्वे हवी असा हट्ट धरतात.

हट्ट पुरवायला निघालेल्या पालकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो इंजिनाचा. दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. हे रूळ फळ्यावर कशाने बसवायचे? घरात असेल त्या डब्यातले किंवा नळीतले द्रव्य वापरले जाते, आणि पहिला पावसाळा सरला की रूळ वाकतात, गाडी घसरते आणि महागडे परदेशी रूळ उपटताना त्यांचे स्लीपर तुटतात. चिकटद्रव्याची निवड हा या छंदातील सर्वांत स्वस्त, परंतु सर्वांत दूरगामी निर्णय आहे.

खऱ्या रेल्वेत डिंक का लागत नाही?

खरी रेल्वे कशाने चिकटवलेली नसते. ती आपल्या वजनावर बसलेली असते. भारतीय ब्रॉडगेज मार्गावरील काँक्रीटच्या एका स्लीपरचे वजन अडीचशे किलोंच्या पुढे असते. त्याभोवती आणि त्याखाली फोडलेल्या दगडाची खडी भरलेली असते. खडीचे टोकदार तुकडे एकमेकांत अडकतात आणि स्लीपरला बाजूला सरकू देत नाहीत. तापमानामुळे रूळ प्रसरण पावू लागले, तरी हे वजन आणि घर्षण त्यांना जागेवर धरते.

हाच मार्ग लहान केला की गणित बदलते. मॉडेल रेल्वेत सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १ : ८७ आहे. लांबी ८७ पटींनी कमी झाली की वजन मात्र ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होते. अडीचशे किलोंचा स्लीपर या हिशेबाने अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका ठरतो. अशा स्लीपरला स्वतःच्या वजनाने जागेवर बसणे शक्य नाही. खडीच्या कणांचेही तेच. बोटाचा धक्का लागला तरी सारे विस्कटते. म्हणून मॉडेलमध्ये वजनाचे काम चिकटद्रव्याकडे येते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. चाळीस टनांचा डबा या प्रमाणात साठ ग्रॅमच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात गाडी रुळांवर नीट बसावी म्हणून मॉडेलचे डबे थोडे जड केलेले असतात, तरी ते शंभर-दीडशे ग्रॅमच्या घरातच राहतात. एवढ्याशा भाराने रूळ उखडण्याची भीती नसते. म्हणजे येथे लागणारे बळ अत्यल्प आहे. सुताराला खुर्चीच्या पायासाठी हवा असतो तसा जन्मभराचा जोड रुळांना नको. रूळ जागेवर राहावा आणि वेळ आली की अखंड सुटून यावा, एवढीच अपेक्षा आहे. निवडीची खरी कसोटी ही आहे.

चार थर, चार वेगळ्या गरजा

मॉडेल रेल्वेचा मार्ग चार थरांचा असतो. सर्वांत खाली लाकडी चौकट आणि तिच्यावर प्लायवूडचा फळा. त्यावर बूच किंवा फोमची पातळ पट्टी, जी मार्गाला उंची देते आणि आवाज शोषते. तिच्यावर प्लॅस्टिकच्या स्लीपरमध्ये ओवलेले रूळ. आणि शेवटी स्लीपरांच्या मधे व कडेला पसरलेली बारीक खडी.

प्रत्येक थराची गरज वेगळी आहे. चौकट आणि फळा यांचा जोड कायमचा असावा. तो पुन्हा सोडवण्याची वेळ येत नाही. बुचाची पट्टी मध्यम घट्ट असावी. रूळ सुटण्याजोगे असावेत, कारण मार्गाची आखणी बदलण्याचा मोह प्रत्येक छांदिष्टाला केव्हा ना केव्हा होतोच. खडी स्थिर राहावी, पण दगडासारखी कडक होऊ नये. चारही ठिकाणी एकच द्रव्य वापरण्याची सवय बहुतेक बिघाडांच्या मुळाशी असते.

पांढरे फेव्हिकॉल

महाराष्ट्रात चिकटद्रव्य म्हटले की प्रथम आठवते ते फेव्हिकॉल. पूर्वी सुतार सरस वापरत. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला हा सरस वापरण्यापूर्वी तापवावा लागे आणि त्याला वासही येई. १९५९ मध्ये मुंबईत पिडिलाइटचा आरंभ झाला. या कंपनीच्या पांढऱ्या, थंड स्थितीतच वापरता येणाऱ्या द्रव्याने सरसाची जागा घेतली. रसायनदृष्ट्या ते पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातील दुधाळ मिश्रण असते. पाणी लाकडात मुरते व हवेत उडून जाते आणि मागे प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पापुद्रा राहतो.

चौकटीसाठी याला तोड नाही. लाकूड लाकडाला जोडताना पाणी शोषले जाते आणि जोड लाकडाहून बळकट होतो. दमट जागेसाठी याच द्रव्याचा पाण्याला दाद न देणारा मरीन प्रकार मिळतो. चौकटीला तोच लावणे श्रेयस्कर.

बुचाची पट्टी फळ्यावर चिकटवण्यासाठीही साधे फेव्हिकॉल चालते. बूच आणि प्लायवूड दोन्ही सच्छिद्र असल्याने पाणी निघून जाते. मात्र प्लॅस्टिकचे स्लीपर पाणी शोषत नाहीत. त्यांच्याखाली जाड थर दिल्यास मधले द्रव्य दिवसेंदिवस ओलेच राहते. पातळ थर दिला तर रूळ धरला जातो, पण सुकल्यावर पापुद्रा कडक होतो आणि गाडीचा आवाज थेट फळ्यात उतरतो. फळा ढोलासारखा घुमू लागतो.

साध्या फेव्हिकॉलचा एक गुण मात्र छांदिष्टाच्या पथ्यावर पडतो. ते पाण्याने मऊ होते. कोमट पाणी शिंपडून अर्धा तास थांबल्यास रूळ बहुधा सुखरूप निघतात. हाच गुण पावसाळ्यात अवगुण ठरतो. घाटमाथ्यावरील घरात, जेथे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल सुटते, तेथे हा जोड सैल पडू शकतो. दोन हत्तींनाही न सुटणारा जोड ही या द्रव्याची जाहिरातीतील ओळख आहे. रुळांच्या बाबतीत मात्र मरीन प्रकाराचा असा न सुटणारा जोडही नको आणि ओलीत सैल होणारा साधा जोडही पुरेसा नाही. त्यामुळे फळ्याला व बुचाला फेव्हिकॉल आणि रुळांना दुसरे काही, ही वाटणी सोयीची ठरते.

ॲक्रिलिक सीलंट

ते दुसरे काही म्हणजे रंगांच्या दुकानात मिळणारे ॲक्रिलिक सीलंट. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधील फट बुजवण्यासाठी रंगारी ते वापरतात. लांब नळीतून, बंदुकीसारख्या साधनाने ते बाहेर काढले जाते. अनुभवी मॉडेलकार रूळ बसवण्यासाठी आज प्रामुख्याने याचीच शिफारस करतात.

याची कारणे सरळ आहेत. ते पाण्यावर आधारलेले असल्याने प्लॅस्टिक, फोम किंवा थर्माकोल यांना खात नाही. पसरल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे ते ओले राहते, त्यामुळे वळण दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. सुकल्यावर ते रबरासारखे लवचीक राहते. फळा फुगला वा आकसला, तर मधला थर थोडा ताणला जातो आणि रुळावर जोर येत नाही. आवाजही काही प्रमाणात अडतो. रूळ काढायचे झाल्यास पुट्टी लावण्याची पातळ पाती स्लीपरांखालून हलकेच सरकवावी, रूळ अखंड सुटतात.

पद्धतीत एकच पथ्य महत्त्वाचे आहे. मधोमध बारीक धार सोडून ती पातीने इतकी पातळ पसरावी की खालचे बूच तिच्यातून दिसावे. जास्त द्रव्य घातले तर ते स्लीपरांच्या फटींतून वर येते आणि पुढे खडीला जागा उरत नाही. मग रूळ ठेवून त्यावर सारखे वजन द्यावे. जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे या कामी उत्तम. वळणावर लवचीक रूळ सरळ होऊ पाहतात. तेथे द्रव्य सुकेपर्यंत टाचण्या रोवून ठेवाव्यात. एका दिवसात जोड पक्का होतो, पावसाळी हवेत दोन दिवस धरावेत.

नळी विकत घेताना मात्र लेबल वाचणे आवश्यक आहे. त्याच फळीवर, त्याच आकाराच्या नळीत सिलिकोन सीलंटही असते. ते घेऊ नये. त्यावर रंग बसत नाही. एकदा ते लागले की त्या जागी पुढे दुसरे काही चिकटत नाही. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. मॉडेलचे रूळ बहुधा पितळेचे किंवा निकेल सिल्व्हरचे असतात. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. तांब्याच्या मिश्रधातूंना हे आम्ल मानवत नाही.

रबरी द्रव्ये, फेव्हिक्विक आणि अराल्डाइट

सनमायका चिकटवण्यासाठी वापरले जाणारे पिवळसर रबरी द्रव्य अनेक घरांत असते. ते दोन्ही बाजूंना लावून, सुकू देऊन मग दाबायचे असते. दाबताक्षणी जोड बसतो. रूळ तिरका पडला तर सरळ करण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. शिवाय त्यातील विद्रावक थर्माकोल आणि फोम विरघळवतो. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी येण्यापूर्वी गणपतीची मखरे करणाऱ्यांना हा धडा चांगलाच ठाऊक होता. विद्रावकाची वाफ ज्वलनशील असते आणि बंद खोलीत तिने डोके जड होते. मुलांसोबत करायच्या कामात तिला स्थान नसावे.

फेव्हिक्विक या नावाने घराघरांत पोहोचलेले सायनोॲक्रिलेट हे द्रव्य हवेतील आणि पृष्ठभागावरील आर्द्रतेने घट्ट होते. म्हणूनच पावसाळ्यात ते अधिक झपाट्याने पकडते आणि उघडी नळी लवकर गोठते. दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूच्या पृष्ठभागावर पांढुरका थर धरते आणि काळे स्लीपर राखेने माखल्यासारखे दिसतात. त्याचा जोड कडक आणि ठिसूळ असतो. तुटलेला स्लीपर जोडणे, सुटलेला सिग्नलचा खांब बसवणे अशा किरकोळ दुरुस्तीपुरतेच ते वापरावे. कातडीवर पडल्यास बोटे जोराने ओढून सोडवू नयेत, साबणाच्या कोमट पाण्यात धरावीत. डोळ्यांजवळ ते नेऊच नये.

अराल्डाइटसारखी दोन नळ्यांची इपॉक्सी द्रव्ये धातू आणि लाकूड दोन्हींना धरतात, आकसत नाहीत आणि पाण्याला दाद देत नाहीत. दोन फळे जेथे जोडले जातात, तेथे रुळांची टोके मिलिमीटरभरही हलून चालत नाहीत. पितळी स्क्रूंवर रूळ डाखून किंवा इपॉक्सीने त्यांची टोके पक्की करणे अशा जागी योग्य ठरते. इतरत्र हे बळ अनाठायी आहे. या जोडातून रूळ सोडवणे म्हणजे रूळ गमावणे.

गरम करून लावायची ग्लू गन आणि दुहेरी चिकटपट्टी यांचाही मोह होतो. ग्लू गनचा थर क्षणात थिजतो आणि गुठळी राहून रूळ वरखाली होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत तो मऊही पडतो. चिकटपट्टी प्रदर्शनापुरती ठीक, पण उष्णता आणि धूळ यांनी तिची पकड जाते. टाचणखिळ्यांची जुनी पद्धत आजही वाईट नाही. फक्त खिळा जोराने ठोकल्यास स्लीपर मधोमध दबतो आणि दोन रुळांतील अंतर कमी होते, हे ध्यानात ठेवावे.

खडी आणि काळा दगड

भारतीय रेल्वेची खडी साधारणतः २० ते ६५ मिलिमीटर आकाराची असते. १ : ८७ या प्रमाणात तिचा कण पाव ते पाऊण मिलिमीटर भरतो. रव्यापेक्षा जाड कण वापरला की मार्ग खडीचा न दिसता धोंड्यांचा दिसतो.

घाटघरचा देखावा करायचा तर खडीही तिथल्यासारखी काळीच हवी. जीवधन, नाणेघाट आणि सारा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा आहे. हा काळा दगड कुटून, चाळून वापरण्याची कल्पना साहजिकच सुचते. तीत एक धोका आहे. बेसाल्टमध्ये लोहयुक्त, चुंबकाला चिकटणारी खनिजे असतात. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असते. सुटे कण त्याकडे ओढले जातात आणि मोटार व दंतचक्रे निकामी होतात. म्हणून दगडाची भुकटी धुऊन, वाळवून कागदावर पसरावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जोरकस चुंबक तिच्यावरून अनेक वेळा फिरवावे. चिकटलेले कण पिशवी उलटून वेगळे करता येतात. पुष्कळच कण चिकटू लागले, तर ती भुकटी डोंगर व वाटांसाठी ठेवावी आणि रुळांसाठी बाजारातील तयार खडी आणावी.

खडी चिकटवताना द्रव्य आधी लावत नाहीत. खडी कोरडी पसरून मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मधे बसवतात. मग पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घालून ते बारीक फवाऱ्याने शिंपडतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. साध्या पाण्याचे थेंब खडीवर गोळ्यांसारखे राहतात व कण विस्कटतात, हे पाणी मात्र खोल उतरते. त्यानंतर एक भाग फेव्हिकॉल आणि एक ते दोन भाग पाणी असे मिश्रण ड्रॉपरने थेंबाथेंबाने सोडतात. खडी दुधाळ दिसू लागली की थांबावे. या वेळी विजेचा प्रवाह बंद असावा. रुळांचा माथा ओला असतानाच पुसून घ्यावा, कारण वाळलेला पापुद्रा वीजप्रवाह अडवतो. रूळ बदलण्याच्या सांध्यांजवळ ड्रॉपर नेऊ नये. तेथील सरकती पट्टी एकदा चिकटली की सांधा फुकट जातो. अशा जागी थोडी खडी कोरडीच ठेवणे शहाणपणाचे.

उन्हाळ्यात हे काम एका दिवसात वाळते. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात आणि देखाव्यात रंगवलेला भुसा, शेवाळ अशा सेंद्रिय वस्तू असल्यास त्यांवर बुरशी धरण्याची भीती असते. खडीचे काम पावसाळ्यात न काढणे उत्तम.

फळा हलतो, रूळ नव्हे

पावसाळ्यानंतर रूळ वाकडे झाले की दोष चिकटद्रव्याला किंवा उन्हाला दिला जातो. खरा कर्ता बहुधा लाकूड असते. निकेल सिल्व्हरचा एक मीटर लांबीचा रूळ तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. पाच मीटरच्या मार्गावर ही वाढ अडीच मिलिमीटर होते. ती दुर्लक्षणीय नाही, पण सांध्यांतील लहान फटींत सामावते.

लाकडाचे तसे नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्ये ऐंशी-नव्वदवर जाते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढगच घरात शिरतात. या फरकाने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. साठ सेंटीमीटर रुंदीच्या फळीत एक टक्का वाढ झाली, तरी ती सहा मिलिमीटर होते. प्लायवूडमध्ये रेषा आलटून पालटून असल्याने हे फुगणे पुष्कळच कमी होते. म्हणून सलग फळीपेक्षा प्लायवूड घ्यावे, त्यातही ओलीला टिकणारा बीडब्ल्यूआर दर्जाचा. दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा हात द्यावा. एकाच बाजूला रंग दिल्यास दुसरी बाजू ओल घेते आणि फळा पापडासारखा वळतो.

रूळ कोणत्या ऋतूत बसवावेत, याचे उत्तरही यातच आहे. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यावर रूळ टोकाला टोक भिडवून बसवले, तर हिवाळ्यात फळा आकसतो, रूळ मात्र तेवढेच राहतात आणि वाट न मिळाल्याने कुशीवर वाकतात. एप्रिल-मे महिन्यांत उलट स्थिती असते. फळा कोरडा, आकसलेला आणि रूळ तापलेले, वाढलेले. तेव्हा बसवलेल्या मार्गात पुढे फटी पडतील, पण रूळ वाकणार नाहीत. फट पडली तरी जोडपट्टी गाडीला सांभाळून नेते. विजेसाठी प्रत्येक रुळाला स्वतंत्र तार डाखली असल्यास प्रवाहही खंडित होत नाही. शाळांची उन्हाळी सुट्टी याच दिवसांत येते, ही चांगलीच सोय म्हणावी.

घाट चढताना

नाणेघाटाचा देखावा सपाट फळ्यावर होत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४५ मीटर उंचीचा जीवधन एचओ प्रमाणात तंतोतंत केला तर समुद्रसपाटीपासूनची ती उंची तेरा मीटरांवर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी भरेल. त्यामुळे उंची आवळून घ्यावी लागते. मार्गाचा चढ मात्र फार आवळता येत नाही. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. फळ्यावर तोच ठेवला, तर मार्ग दहा सेंटीमीटर उंच नेण्यासाठी पावणेचार मीटर लांबी लागते.

चढावर आणि वळणावर रूळ सरकण्याकडे कल असतो. तेथे सीलंटचा थर सलग द्यावा, तुटक नको. लवचीक रुळाचे दोन तुकडे वळणावर जोडायचे असल्यास ते सरळ असतानाच डाखून घ्यावेत आणि मग वळवून चिकटवावेत, म्हणजे जोडाशी कोन पडत नाही. चढ जेथे सुरू होतो आणि जेथे संपतो, तेथे रूळ हळूहळू उचलला जायला हवा. द्रव्य ओले असतानाच डबा हाताने ढकलून पाहावा. अडखळला तर दुरुस्तीची हीच वेळ असते.

भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर आहे. १ : ८७ प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी, पण बाजारातील एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोप-अमेरिकेतील प्रमाण रुंदीचे असतात. बहुतेक छांदिष्ट ही तडजोड स्वीकारतात. काही चोखंदळ हौशी १९.३ मिलिमीटरचा मार्ग स्वतः तयार करतात. लाकडी किंवा तांब्याचा पत्रा असलेल्या स्लीपरवर रूळ एकेक करून बसवण्याच्या या कामात तांब्याच्या स्लीपरला डाख देणे हेच उत्तम, तेथे कोणतेही चिकटद्रव्य त्याची बरोबरी करत नाही.

निवडीचा सारांश

चौकटीला मरीन फेव्हिकॉल आणि स्क्रू. बुचाच्या पट्टीला साधे फेव्हिकॉल, आणि फोम असल्यास ॲक्रिलिक सीलंट. रुळांना ॲक्रिलिक सीलंटचा पातळ थर. खडीला पाणी घातलेले फेव्हिकॉल. फळ्यांच्या जोडाशी डाख किंवा इपॉक्सी. फेव्हिक्विक केवळ दुरुस्तीला. सिलिकोन आणि विद्रावकयुक्त रबरी द्रव्ये यांना या कामातून रजा द्यावी.

नवीन द्रव्य वापरण्यापूर्वी टाकाऊ प्लायवूडच्या तुकड्यावर बुचाची पट्टी आणि रुळाचा वीतभर तुकडा बसवून पाहावा. तो आठवडाभर न्हाणीघरात ठेवावा, मग दोन दिवस उन्हात. त्यानंतर पाती घालून तो काढावा. ओलीत सुटला तर द्रव्य कच्चे, काढताना स्लीपर तुटले तर द्रव्य जरुरीपेक्षा पक्के. या दोहोंच्या मधे जे उतरेल, ते घाटमाथ्याच्या चार महिन्यांच्या पावसातही रूळ धरून ठेवील आणि आखणी बदलण्याची वेळ आली की ते अखंड परतही देईल. या छंदात मार्गाची आखणी एकदाच होते असे क्वचितच घडते. पहिल्या मार्गाचे रूळ दुसऱ्या मार्गाला कामी आले, तर खर्चही वाचतो आणि मुलाचा उत्साहही.